व्हिडिओआधी पुस्तक घ्या

मैत्रिणींनो, पॉलिमर क्लेचे कानातले करून विकणाऱ्या मुली हल्ली बऱ्याच घरांत दिसतात. शिकतात मात्र फुकटच्या व्हिडिओंवर. माझं मत विचाराल, तर पहिला खर्च रंगीत वड्यांवर नको, एका चांगल्या पुस्तकावर करावा. नॅन रोश यांचं ‘द न्यू क्ले’ 1991चं, पण अजून उपयोगी. बाकरवडीसारखी वळकटी करून नक्षीचे काप काढायचे, त्याला ‘केन’ म्हणतात. ते नुसतं बघून हातात बसत नाही, सावकाश वाचावं लागतं.

व्हिडिओत बोटं सुंदर फिरतात, भाजणं मात्र दोन सेकंदांत उरकतं. आणि खरी गोम तिथेच! नाव क्ले असलं तरी हे पीव्हीसी, म्हणजे प्लास्टिक. फिमो सॉफ्टला 110 अंश, प्रीमोला 130; वेळ अर्धा तास, प्रीमोला दर 6 मिलिमीटर जाडीला तेवढा. कमी भाजलं तर कानातलं गिऱ्हाइकाच्या हातात तुटतं, करपलं तर घशाला झोंबणारा धूर. म्हणून ओव्हनमध्ये वेगळा थर्मामीटर हवाच, बटणावरच्या आकड्यावर विसंबू नये. आणि या कामाचं लाटणं-सुरी परत स्वयंपाकात आणायची नाही, हे मी सुनेलाही बजावलंय.

बी.कॉम.ची सवय म्हणा, पण करपलेली वडी आणि परत आलेला माल मी फुकटच्या शिक्षणाच्या खर्चातच धरते. परदेशी पुस्तक महाग पडतं, हे खरं. चौघींनी वर्गणी काढावी. जुनी प्रतही चालेल. फक्त तापमान तेवढं हातातल्या पाकिटावरचंच धरायचं.