कडबाकुट्टी आणि ज्येष्ठांचे हात

राजुरीसारख्या दुधाच्या गावात गोठ्यातील कडबाकुट्टी पुष्कळदा घरातील ज्येष्ठच चालवतात. वाचकहो, वैरण अडकली असता वीज गेली, तरी बटण बंद करून पिन काढल्याखेरीज आत हात घालू नये. वीज अवचित परतते आणि पाते क्षणात फिरते. पदर खोचावा, उपरणे व बांगड्या काढून ठेवाव्यात. औषधाने गुंगी येत असल्यास हे काम दुसऱ्यावर सोपवावे.

दुर्दैवाने बोट तुटलेच, तर जखम स्वच्छ कापडाने घट्ट दाबून हात उंच धरावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. तुटलेला भाग स्वच्छ, ओलसर कापडात गुंडाळून पिशवीत बंद करावा व ती पिशवी बर्फावर ठेवावी. बर्फाचा थेट स्पर्श होऊ देऊ नये. गाय घटकाभर थांबेल. घाई करू नये.