गर्दी म्हणजे गळा नव्हे

संपादक महोदय,

तालुक्याच्या गावी झालेल्या संगीत रजनीची बातमी मंगळवारच्या अंकात वाचली. 'अलोट गर्दी', 'तरुणाई थिरकली', 'खुर्च्या अपुऱ्या पडल्या'. सगळे खरे आहे. न मिळालेल्या खुर्च्यांतली एक माझीच होती. पण चार कॉलमांच्या त्या बातमीत गायक गायला कसा, याबद्दल एक ओळ नाही. कशी असेल? तो गायलाच नाही.

मी मंचाच्या उजव्या अंगाला, मांडवाच्या बांबूला टेकून उभा होतो. दुसऱ्याच गाण्यात साहेबांनी माइक लोकांकडे धरला, 'आता तुम्ही म्हणा' म्हणाले. लोक म्हणू लागले, आणि त्याच वेळी साहेबांचा आवाजही बॉक्समधून तसाच येत राहिला. माइक हातभर लांब, ओठ मिटलेले, तरी सूर चालू! मी चाळीस वर्षे भजनी मंडळात पेटी धरतो. पखवाजाला कणीक लावायला उशीर झाला तरी आमच्याकडचे माळकरी म्हातारे डोळे वटारतात. इथे घरटी वर्गणी काढून लोकांना रेकॉर्ड ऐकवली, तरी कोणी हूं की चूं केले नाही.

निवेदकाने ओळख करून देताना 'लाखो फॉलोअर्स' हे शब्द पाच वेळा उच्चारले. मी बोटांवर मोजले. गुरू कोण, शिकला कुठे, हाताला कोणते वाद्य आहे, हे एकदाही नाही. मुलगी देताना आपण स्थळाची सात पिढ्यांची चौकशी करतो आणि गावाच्या वर्गणीचे पैसे देताना मोबाइलवरचा आकडा पाहतो.

त्याच मंचावर सुरुवातीला 'देवीचे वाद्य' म्हणून एका संबळवाल्याला बोलावले होते. कमरेला संबळ, एक काठी सरळ, दुसरी टोकाला वाकडी, शेजारी तुणतुणे धरलेला पोरगा. त्याच्यापुढे माइक ठेवायलाही कोणाला सुचले नाही. साऊंडवाला साहेबांचा ट्रॅक जुळवण्यात गुंतला होता. तरी त्या माणसाने लय अशी चढवत नेली, की पुढच्या रांगेतल्या दोन बायका अंगात आल्यासारख्या डोलू लागल्या. तेवढ्यात 'वेळ कमी आहे' म्हणून त्याला थांबवले. नारळ, टॉवेल, टोपी, फोटो, संपले. आई तुळजाभवानीच्या जिल्ह्यात संबळाला वेळ कमी पडतो!

'लोकांना आवडते ते देतो,' असे मंडळाची पोरे म्हणतात. बाबांनो, लोकांना आवडण्याशी माझे भांडण नाही. प्रल्हाद शिंदे लोकांना आवडत नव्हते? एसटी स्टँडवरच्या कॅसेटच्या टपरीतून तो आवाज आला की उतारू गाडी सोडून थांबत. जुलै १९२१मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी 'संयुक्त मानापमान' केले, तिथेही गर्दीच लोटली होती. पण ती दोन गळ्यांचा सामना ऐकायला. 'जोगवा' चित्रपटाच्या संगीतासाठी अजय-अतुलना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ती गाणी गावोगावी वाजलीही. मोबाइलवरून मोठे होण्यालाही माझी हरकत नाही. कडूबाई खरात एकतारीवर भीमगीते गात दारोदार हिंडत होत्या. मोबाइलने त्यांचा आवाज घराघरांत नेला. पण आवाज आधी होता, मोबाइल नंतर आला. आता आधी आकडा येतो आणि आवाजाची सोय ट्रॅकवर होते.

यात नुकसान कोणाचे, तेही सांगतो. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते दोनदा सन्मान मिळाला, त्यांच्या फडाला माणूस मावत नसे. तरी २००२मध्ये त्या गेल्या तेव्हा दवाखान्याचे बिल लोकांच्या मदतीतून भागले. विठाबाईंची ही गत, तर आमच्या संबळवाल्याचे काय? ज्येष्ठ कलावंतांना सरकार महिन्याला ५ हजार रुपये मानधन देते. त्यासाठी कलेचे पुरावे जोडावे लागतात: प्रमाणपत्रे, वर्तमानपत्रातली कात्रणे. तो संबळवाला तरुणपणापासून जागरण-गोंधळ घालतो. प्रत्येक कोजागरीला सोलापूरहून तुळजापूरला पायी येणाऱ्या भाविकांपुढे वाजवतो. त्याच्याकडे किती कात्रणे असतील? मी विचारले. एकही नाही. परवाच्या बातमीतही त्याच्या वाट्याला 'पारंपरिक वाद्यांच्या गजरात' एवढे तीनच शब्द आले. साहेबांचे नाव मात्र मथळ्यात, शिवाय फोटो.

जाता जाता आणखी एक. रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद करावा, निवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल, हा नियम २००० सालापासून आहे. त्या रात्री पावणेबारापर्यंत माझ्या घराचे पत्रे थरथरत होते आणि शेजारची बाळंतीण लेकराचे कान हाताने झाकून बसली होती. संबळाला वेळ कमी, बॉक्सला वेळच वेळ. बंदोबस्ताला आलेली मंडळी मोबाइलवर शूटिंग करत होती.

मंडळांना एवढेच सांगणे, की पुढच्या वर्षी निमंत्रणपत्रिकेवर 'प्रत्यक्ष गायन' असे छापा आणि ते पाळा. ज्याला ट्रॅक लागतो, त्याला सुपारी देऊ नका. साहेबांच्या गाडीचे डिझेल जेवढ्याचे, तेवढी तरी बिदागी गावच्या कलावंताला द्या.

आणि संपादक महोदय, आपल्यालाही एक विनंती. त्या संबळवाल्याचे नाव मी या पत्रात लिहिणार होतो, पण थांबलो. वाचकाच्या पत्रातले नाव पुरावा म्हणून कोण धरणार? ते बातमीत यायला हवे. आपला वार्ताहर पुढच्या कार्यक्रमाला आला, की त्याने पायरीशी बसलेल्या त्या माणसाला नाव विचारावे आणि ते छापावे. कात्रण मी स्वतः त्याच्या घरी नेऊन देईन.

— एक वर्गणीदार, ता. कळंब, जि. धाराशिव