राळेखालचे सर्किट

हॉवर्ड अलेक्झांडर डंबल हे नाव मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाच्या कानावर पडण्याचे तसे काही कारण नाही. कॅलिफोर्नियातील हे गृहस्थ इलेक्ट्रिक गिटारचे ॲम्प्लिफायर हाताने बनवीत असत. गिऱ्हाइकाने आणलेला फेंडर कंपनीचा ॲम्प्लिफायर उघडून त्यात फेरफार करून देत असत. आणि काम संपले की आतील सर्किटचा नेमका कळीचा भाग अपारदर्शक इपॉक्सी राळ ओतून बुजवून टाकीत असत. आपल्याकडे गळके नळ बुजवायला जे एम-सील वापरतात, त्याच कुळातली ही राळ. एकदा घट्ट झाली की तिच्याखाली कोणता रेझिस्टन्स आहे, कोणता कंडेन्सर आहे, कोणती तार कोठून कोठे गेली आहे, हे बाहेरच्याला दिसत नाही. १९४४ साली जन्मलेले डंबल जानेवारी २०२२ मध्ये वारले. उभ्या आयुष्यात त्यांच्या हातून सुमारे तीनशे ॲम्प्लिफायर बाहेर पडले, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. आज त्यांपैकी एखादा विक्रीला निघाला तर त्याची किंमत एक लाख डॉलरच्याही पुढे जाते.

संगीताच्या बाजारातील एक चमत्कारिक गोष्ट म्हणून हे सोडून देता आले असते. परंतु ज्याने काही रचले त्याने ती रचना झाकावी काय, झाकली तर ती कोणापासून झाकली जाते, आणि मुळात ती रचना त्याची एकट्याची असते काय, हे प्रश्न संहितांवर पोट भरणाऱ्या आपल्यासारख्यांना परके नाहीत. डंबल यांच्या राळेने ते फार उघडेवाघडे करून मांडले आहेत.

प्रथम सर्किटविषयी थोडे. गिटारच्या तारेच्या कंपनातून निघणारा विद्युत-संदेश अगदी क्षीण असतो. ॲम्प्लिफायरमधील लहान व्हॉल्व्ह तो टप्प्याटप्प्याने वाढवितात, मधल्या भागात त्याचा खर्ज आणि तीव्र स्वर यांचा तोल साधला जातो, आणि शेवटी मोठे व्हॉल्व्ह त्याला लाउडस्पीकर हलविण्याइतके बळ देतात. वाढविता वाढविता संदेश व्हॉल्व्हच्या कुवतीबाहेर गेला की तो कडांना चेपला जातो, आणि त्यातून तो खरखरीत, रेंगाळणारा, माणसाच्या गळ्याशी नाते सांगणारा आवाज निघतो. अभियंत्याच्या दृष्टीने हा दोष होय. गिटारवादकाने त्याचा अलंकार केला. (आपल्या काव्यशास्त्रकारांना ही गोष्ट सांगितली असती तर त्यांनी मान डोलावली असती, दोष ठिकाण बदलले की गुण होतो, हे त्यांना फार पूर्वीच ठाऊक होते.)

यातले बहुतेक सारे ज्ञान खुले होते. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओ-दुरुस्ती करणारे. रेडिओवाल्याची रीत त्यांनी ॲम्प्लिफायर बनवितानाही सोडली नाही. व्हॉल्व्ह बनविणाऱ्या कंपन्या आपल्या माहितीपुस्तिकांतून नमुन्याची सर्किटे छापीत. फेंडरचे आरंभीचे ॲम्प्लिफायर त्या सर्किटांच्या फार जवळचे आहेत. फेंडरच्या पेटीच्या आतल्या बाजूस एक छापील कागद चिकटविलेला असे: कोणता व्हॉल्व्ह कोठे बसवायचा, सर्किटचा क्रमांक कोणता. सर्किटचे आराखडेही दुरुस्ती करणाऱ्यांना मिळत. वस्तू आज ना उद्या बिघडणार आणि कोणीतरी अनोळखी माणूस ती उघडणार, हे यात गृहीत धरलेले आहे. मला हा चिकटविलेला कागद फार सुसंस्कृत वाटतो.

या खुलेपणाचे फळ लंडनमध्ये दिसले. १९६० च्या दशकाच्या आरंभी जिम मार्शल यांच्या दुकानात केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन यांनी फेंडरचा बासमन हा ॲम्प्लिफायर समोर ठेवून स्वतःचा बनविला. सर्किट जवळजवळ ओळीस ओळ तेच. पण ट्रान्सफॉर्मर इंग्लंडमधले, लाउडस्पीकर वेगळे, काही व्हॉल्व्ह जे हाताशी होते ते. आवाज निराळा झाला, आणि पुढच्या दोन दशकांचे रॉक संगीत त्या निराळेपणावर उभे राहिले. नक्कल म्हणून सुरू झालेली गोष्ट स्वतंत्र कशी होते, याचा हा चांगला दाखला आहे. भाषांतराच्या तासाला तो खुशाल द्यावा.

डंबल याच वृक्षाची फांदी. त्यांचा सर्वांत गाजलेला ॲम्प्लिफायर म्हणजे ओव्हरड्राइव्ह स्पेशल. त्यातील पहिला, स्वच्छ आवाजाचा भाग फेंडरच्या घराण्यातला आहे, हे तो उघडून पाहिलेल्यांनी सांगितलेले आहे. त्यापुढे संदेश आणखी दोन टप्प्यांतून नेऊन तो हळूहळू, सौम्यपणे चेपला जावा अशी योजना केली, हे डंबल यांचे काम. काही ॲम्प्लिफायरमध्ये त्यांनी आवाजाचा तोल बदलणारे आणखी एक मंडल पेटीच्या आत दडविले आणि त्याच्या खुंट्याही आतच ठेवल्या. वादकासाठी त्या एकदा जुळवायच्या आणि झाकण लावायचे. या योजनेला त्यांनी ‘हॉट रबर मंकी’ असे नाव दिले होते. माणूस अगदीच गंभीर नव्हता, हे यावरून समजावे. आणि या आवाजाची मूळ कल्पना? गिटारवादक रॉबेन फोर्ड यांनी मुलाखतींत सांगितले आहे की, आपल्याला फेंडरच्या बासमनवर वाजविताना ऐकून डंबल यांना ओव्हरड्राइव्ह स्पेशल सुचला. म्हणजे ज्या यंत्रावरून लंडनला मार्शल जन्मला, तेच यंत्र इकडेही मुळाशी आहे. वादक दुसरा, यंत्र तिसऱ्याचे, ऐकणारा कान डंबल यांचा.

मग राळ कशावर ओतली?

रचणाऱ्याची बाजू आधी ऐकून घेतली पाहिजे, कारण ती पोकळ नाही. छोटा कारागीर वर्षानुवर्षे कान आणि हात झिजवून चार किमती आणि दोन जोडण्या शोधून काढतो. त्याचा ॲम्प्लिफायर कोणीही विकत घेऊ शकतो, मागचे स्क्रू काढू शकतो, तासाभरात आराखडा उतरवून घेऊ शकतो. आणि ज्याच्याजवळ कारखाना आहे तो पुढच्या हंगामात त्याच वस्तूच्या हजार प्रती काढू शकतो. कायदा त्याला फारसा आधार देत नाही. पेटंट घ्यायचे तर रचना जगाला उघड करून सांगावी लागते, आणि वीस वर्षांनी ती सर्वांची होते. शिवाय जुन्या सर्किटात केलेले बारीक फेरफार पेटंटच्या नावीन्याला उतरतीलच असे नाही. व्यापारी गुपित म्हणून संरक्षण मागावे, तर रीतसर विकत घेतलेली वस्तू उघडून तिच्यातले गुपित शोधणे हे अमेरिकेच्या २०१६ च्या व्यापारी-गुपित कायद्यानुसार गैर धरलेले नाही. लेखकाला स्वामित्वहक्क आहे. रेझिस्टन्सची किंमत निवडणाऱ्याला तो नाही. अशा माणसाने राळेचा डबा हाती घेतला तर त्याला एकदम कृपण ठरवू नये. आपल्यापैकी कितीजण छापून येण्याआधी आपला निबंध सहकाऱ्याच्या हाती बिनधास्त ठेवतात?

हे सारे मान्य करूनही मला वाटते की, राळ ओतणे ही चूक आहे, आणि ती प्रतिस्पर्ध्याच्या संदर्भात नव्हे तर दुरुस्ती करणाऱ्याच्या संदर्भात चूक आहे. व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरमध्ये चार-पाचशे व्होल्ट खेळत असतात. त्यातले काही कंडेन्सर वीस-तीस वर्षांत सुकतात, काही गळू लागतात, रेझिस्टन्सच्या किमती उष्णतेने सरकतात. म्हणून प्रत्येक जुना ॲम्प्लिफायर केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी टेबलावर उलटा पडतो. तेथे बसलेल्या माणसाला आराखडा मिळत नाही आणि भाग दिसत नाहीत. गरम हवेने राळ मऊ करून टोकदार हत्याराने ती कणाकणाने उकरावी, आणि उकरताना जे वाचवायचे तेच मोडण्याचा धोका पत्करावा, एवढेच त्याच्या हाती उरते. राळेच्या बाजूने असेही सांगतात की, तिच्यामुळे भाग हादऱ्यांनी हलत नाहीत. इलेक्ट्रॉनिक्समध्ये त्यासाठी राळ वापरतात हे खरे; पण हादऱ्यासाठी ओतायची तर पारदर्शकही चालली असती.

ॲम्प्लिफायर मूळचा गिऱ्हाइकाचाच असला तर गोष्ट आणखी बिकट होते. डंबल यांनी लोकांच्या फेंडरमध्ये फेरफार करून दिले, तेव्हा उघडे सर्किट आत गेले आणि झाकलेले बाहेर आले. फेंडरचा तो छापील कागद पेटीत तसाच राहिला असेल, पण आता तो खोटे बोलू लागला. मालकाने पैसे मोजले, वस्तू त्याची, तरी आपल्या वस्तूत काय आहे हे त्याने पाहू नये आणि मनात आले तर तिला पूर्ववत करू नये, अशी ती व्यवस्था. लेखकाने ग्रंथ विकावा पण त्याची काही पाने चिकटवून द्यावीत, तसे हे आहे.

येथे मराठीच्या अध्यापकाला महानुभावांची सकळ लिपी आठवल्यावाचून राहत नाही. पंथाचे ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून एका अक्षराच्या जागी दुसरे ठरावीक अक्षर योजून ते लिहिले गेले. मराठीतले आद्य गद्य त्यामुळे शतकानुशतके मठांबाहेरच्या मराठी वाचकाला अज्ञात राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य राजवाड्यांनी ती लिपी उलगडली, आणि मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा आरंभच नव्याने लिहावा लागला. लपविण्याची केवढी किंमत इतरांना मोजावी लागते, ते यातून दिसते. परंतु तुलना येथेच थांबवली तर ती अन्यायाची होईल. सकळ लिपीला किल्ली होती. ती गुरूकडून शिष्याकडे जात होती, आणि जाणणारे अखंड होते म्हणून ग्रंथ जपला गेला. दुसऱ्या बाजूला ज्ञानेश्वरी उघडी राहिली, हातोहात गेली, तिच्यात पाठभेद माजले, आणि शके १५०६ मध्ये नाथांना ती शुद्ध करावी लागली. झाकणे आणि उघडे ठेवणे, दोहोंचा हिशेब द्यावा लागतो. राळेची गोष्ट मात्र या दोन्हींहून वेगळी आहे, कारण राळेला किल्लीच नसते. जो पुढे येईल त्याला ती फोडावीच लागते.

आणि ती फोडली गेली. डंबल यांच्या हयातीतच त्यांच्या ॲम्प्लिफायरचे आराखडे तंत्रज्ञांनी उतरविले. टू-रॉक आणि फुक्स यांसारख्या निर्मात्यांनी त्या वळणाचे ॲम्प्लिफायर उजळ माथ्याने विकले. तरी मूळ डंबलची किंमत उतरली नाही, चढतच गेली. क्लॉन सेंटॉर या पायाने दाबायच्या पेटीचेही असेच झाले. बिल फिनेगन यांनी ती १९९४ पासून विकली, आत राळ ओतली; पुढे कोणीतरी राळ काढली, सर्किट सर्वांना कळले, स्वस्त नकलांचा पूर आला, आणि मूळ पेटी हजारो डॉलरना जाऊ लागली. सर्किट समजल्यावर लोक म्हणू लागले की खरी मेख डायोडांच्या त्या विशिष्ट जुन्या साठ्यात आहे. गूढ उघडले की ते एक घर पुढे सरकते. दंतकथेला जागा लागतेच.

राळ गुपिताचे रक्षण करू शकली नाही, आणि गुपित फुटल्याने निर्मात्याचे नुकसानही झाले नाही. मग तिने केले काय? माझ्या मते तिने एकच केले: उसने कोठे संपते आणि स्वतःचे कोठे सुरू होते ती रेघ झाकली. राळेखाली सगळेच अद्भुत वाटते. राळ निघाल्यावर दिसते की अमुक भाग फेंडरचा, अमुक सर्वांच्या वहिवाटीचा, आणि या तीन-चार जागा मात्र खरोखर डंबल यांच्या. हे कळल्याने ते लहान होत नाहीत. उलट त्यांचे खरे कसब कशात होते, ते तेव्हाच सांगता येते. ते एकेका वादकासाठी यंत्र जुळवीत. त्याची बोटे, त्याची गिटार, त्याचा आघात ऐकून किमती बदलीत. ज्या गोष्टीची नक्कल करणे सर्वांत अवघड होते, ती राळेखाली नव्हतीच.

आज अभ्यासकांच्या हाती फिरणारे डंबलचे आराखडे पाहण्यासारखे आहेत. ते डंबल यांनी काढलेले नाहीत. दुरुस्तीला आलेल्या एकेका ॲम्प्लिफायरवरून कोणाकोणा तंत्रज्ञांनी हाताने उतरविलेले आहेत. माथ्यावर ॲम्प्लिफायरचा क्रमांक असतो, आणि कोठे कोठे समासात टीप: या प्रतीत हा कंडेन्सर वेगळा आहे, त्या प्रतीत हा रेझिस्टन्स नाहीच.