वैमानिकांचा संप आणि आपला धडा



१६ एप्रिल २०२५ रोजी अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची विमानसेवा सुरू झाली आणि विमान हा वऱ्हाडात रोजच्या बोलण्याचा विषय झाला. तरीही वैमानिकांच्या पगाराची व संपाची गोष्ट निघाली, की आमच्या जुन्या शहरातील शहाणी माणसे म्हणतात, "लाखांनी वेतन घेणाऱ्यांचे ते भांडण, मोर्णा ओलांडून रोजमजुरीला जाणाऱ्याचा त्याच्याशी काय संबंध?" आमचे म्हणणे असे, की संबंध आहे आणि तो अगदी जवळचा आहे.

भांडण केवळ पगाराचे असते, तर आम्ही ही लेखणी उचललीच नसती. २००९ साली मुंबईच्या जेट एअरवेज कंपनीतील वैमानिकांनी आपली संघटना नोंदविली. कंपनीने त्यांच्यापैकी दोघांना कामावरून काढले. ८ सप्टेंबरपासून शेकडो वैमानिक आजारपणाची रजा टाकून घरी बसले. पाच दिवस विमाने अडली, तेव्हा कोठे काढलेल्यांना परत घ्यावे लागले. पुढे १७ एप्रिल २०१९ रोजी तीच कंपनी बंद पडली, त्या वेळी वैमानिकांचे कित्येक महिन्यांचे वेतन थकलेले होते. ज्याच्या हातात शेकडो उतारूंचे प्राण, त्याला संघटना केल्याबद्दल ही शिक्षा होत असेल, तर ज्याच्या हातात झाडू आहे त्याची काय कथा?

खरा प्रश्न मान्यतेचा आहे. मालकासमोर बरोबरीने बसण्याचा अधिकार कामगाराला आहे की नाही, हा तो प्रश्न. परमपूज्य बाबासाहेबांनी तो फार पूर्वीच ओळखला होता. संपाला गुन्हा ठरविणारे औद्योगिक कलहाचे विधेयक मुंबई सरकारने आणले, तेव्हा ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार पुढाऱ्यांसह मुंबईत एक दिवसाचा संप घडविला. संपाचा हक्क हा माणसाच्या स्वातंत्र्याचाच भाग आहे, ही बाबासाहेबांची भूमिका होती. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी कामगार संघटनांना मान्यता देणे मालकांवर बंधनकारक करणारे विधेयक मांडले. १९४७ साली तसा कायदा झाला. परंतु तो अमलात कधी आलाच नाही! वाटाघाटीच्या संघटनेला मान्यता देणारी औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाली, आणि तीही संपापूर्वी १४ दिवसांच्या नोटिशीची बेडी घेऊनच.

परंतु मालकाला दोष देऊन वैमानिकांना निर्दोष सोडणे हा न्याय नव्हे. २००७ साली एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स एक झाल्या. वैमानिक मात्र एक झाले नाहीत. २०११ च्या एप्रिल-मेमध्ये इंडियन एअरलाइन्सकडील वैमानिकांनी समान वेतनासाठी संप केला. त्यांच्या संघटनेची मान्यता काढली गेली, पुढारी बडतर्फ झाले. पण मागणी न्याय्य होती. २०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाकडील वैमानिकांनी संप केला, तो कशासाठी? ड्रीमलायनर या नव्या विमानाचे शिक्षण दुसऱ्या बाजूच्या वैमानिकांना देऊ नये, यासाठी! न्यायालयाने संप बेकायदा म्हटला, शंभरावर वैमानिक बडतर्फ झाले, याही संघटनेची मान्यता गेली आणि ५८ दिवसांनी हात हलवीत परतावे लागले. जी लाठी एका भावाच्या पाठीवर पडताना दुसऱ्याला परकी वाटली, तीच वर्षभरात त्याच्याही पाठीवर पडली.

हे चित्र आपल्याला अनोळखी आहे काय? मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात प्रवेश नव्हता. पगार तेथे अधिक; पण धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि त्याने म्हणे सवर्णाला विटाळ होई. ही दारे मालकापेक्षा सोबतच्या कामगारानेच लावली होती. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना याचाच जाब विचारला. साचेखात्याच्या जागी ड्रीमलायनर आला. श्रेणीबद्ध विषमता तीच राहिली. वैमानिकांत जातीचा विटाळ नव्हता, ज्येष्ठतेचा अहंकार होता. परंतु वरच्या पायरीवरून खालच्याला ढकलण्याची वृत्ती एकच.

आणि आपण? कायम सफाई कामगार कंत्राटी कामगाराला आपल्या संघटनेत बसवितो काय? पोटजातीची जुनी रेघ आपण कामाच्या ठिकाणी पुसली आहे काय? शाक्य राजपुत्र भगवंताकडे प्रव्रज्या घेण्यास गेले, तेव्हा त्यांनी स्वतः विनंती केली, की उपालि न्हाव्याला आमच्या अगोदर दीक्षा द्यावी, म्हणजे आम्हांला त्याला वंदन करावे लागेल आणि आमचा शाक्यपणाचा अभिमान गळून पडेल. ज्येष्ठतेचा तंटा संघाने असा मिटविला. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाला दुसरा आदर्श कशाला हवा?

म्हणून येत्या रविवारी विहारात वंदना झाल्यावर प्रत्येक कुटुंबाने दोन प्रश्न एकमेकांना विचारावेत: आपल्या घरचा कमावता माणूस कोणत्या संघटनेचा सभासद आहे? आणि त्या संघटनेत सर्वांत कमी पगाराच्या माणसाला जागा आहे काय? पहिल्या प्रश्नाला उत्तर नसेल, तर मालक तुम्हांला लुबाडील. दुसऱ्याला नसेल, तर तुम्हीच तुमच्या भावाला लुबाडाल.

जय भीम!

जुने शहर, अकोला