रंगांची सरमिसळ

दुकानाची पाटी असो वा लग्नपत्रिका, नावाची अक्षरे एका रंगातून दुसऱ्यात अलगद विरघळणारी हवीत, असा आग्रह हल्ली सर्वत्र दिसतो. इंकस्केप या विनामूल्य प्रणालीत हे काम घरबसल्या होते. मजकूर टंकावा, ग्रेडियंटचे साधन घेऊन अक्षरांवरून आडवी रेघ ओढावी व दोन्ही टोकांना रंग द्यावेत. तिसरा रंग हवा असल्यास त्या रेघेवर दोनदा टिचकी मारावी.

खरी कसोटी मधल्या पट्ट्याची. लाल व हिरवा थेट जोडले, तर मध्यावर संगणक दोहोंची सरासरी काढतो आणि हाती येतो मळकट शेवाळी रंग. नेमकी तिथलीच अक्षरे निस्तेज होतात. मध्ये पिवळा घातला की संक्रमण उजळते खरे, पण पांढऱ्या कागदावर पिवळे अक्षर वाचणार कोण? म्हणून माझी पसंती गडद निळा ते जांभळा अशा शेजारच्या रंगांना. पेढीचे नाव रस्त्यापलीकडून वाचता आले पाहिजे, शोभा त्यानंतरची.

छापखान्यात देण्यापूर्वी मजकुराचे वक्ररेषांत रूपांतर करावे, मूळ प्रत वेगळी ठेवावी. अन्यथा तेथे तो टंक नसल्यास वेलांट्या व जोडाक्षरे विस्कटतात. पडद्यावरील झळझळीत निळा चार शाईंच्या छपाईत मंदावतो, तेव्हा छापील नमुना पाहूनच पत्रिकांची मागणी नोंदवावी.