माझ्या मशीनवर तर चालतंय!

"माझ्या मशीनवर तर चालतंय" हे आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं ब्रीदवाक्य. गेल्या महिन्यात मीही ते एका नवीन पोराच्या तोंडावर फेकलं. तो म्हणत होता, "सर, रिपोर्टचे आकडे चुकतायत." मी त्याला चारचौघांत गप्प केलं. दोन दिवसांनी कळलं, पोरगं बरोबर होतं. सॉरी म्हणालो, पण बाजूला घेऊन. ते अजून टोचतंय.

काल एस्टीने जळगावहून धुळ्याला जाताना तेच डोक्यात होतं. धुळ्याजवळ लळिंगला लांडोर बंगला आहे. 1937 च्या जुलैत कोर्टाच्या कामासाठी आलेले डॉ. आंबेडकर तिथे राहिले होते. दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक लोटतात.

बाबासाहेब 1913 साली कोलंबिया विद्यापीठात गेले, तिथे त्यांना जॉन ड्युई हे गुरू भेटले. ड्युईंच्या लेखी ज्ञान म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. आज तपासून हाती आलेलं, उद्या परत तपासायचं, ते ज्ञान. कालाम सुत्तात बुद्धही केसपुत्तच्या लोकांना सांगतो: परंपरा आहे, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो, एवढ्यावर मानू नका; वागून हित होतं की अहित, ते स्वतः बघा. बुद्धाने स्वतःला अचूक म्हणवलं नाही, हे बाबासाहेबांना फार मोलाचं वाटे. त्यांच्या हातून घडलेल्या घटनेतही दुरुस्तीसाठी 368 वं कलम आहेच.

आता कुणी म्हणेल, मग कशाचीच खात्री नाही, काहीही चालतं! अजिबात नाही. 1927 साली महाडच्या तळ्यावर जायला बाबासाहेब अंतिम सत्याची वाट बघत थांबले नव्हते. डायक्स्ट्रा म्हणायचा, टेस्टिंगने बग आहे हे दाखवता येतं, नाही हे दाखवता येत नाही. म्हणून आपण रिलीज थांबवतो का? टेस्ट लिहितो, रिलीज करतो आणि तक्रार आली की ऐकतो.

माझ्या मते सगळी गोम या ऐकण्यात आहे. 'मी चुकू शकतो' हे नुसतं मनात म्हणून काय उपयोग? माझी चूक दिसते बहुतेक माझ्या खालच्या खुर्चीवरच्याला. त्याचं तोंड बंद केलं की माझं ज्ञान तिथेच संपलं.

असो. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये त्या पोराला सॉरी म्हणणार आहे. या वेळी चारचौघांत.