पेन्सिलीचा हात

परवा नातीने टॅबवर एक गाणं लावलं. "आजी, बघ ना, चित्रातला माणूस तिला आत ओढून घेतो!" नॉर्वेच्या आ-हा या बँडचं 'टेक ऑन मी'. शब्द मला अर्धेमुर्धेच कळले. पण हॉटेलात चित्रकथा वाचत बसलेली मुलगी, कागदातून बाहेर आलेला तो पेन्सिलीचा हात, तो धरून चित्रात शिरलेली ती... मी तीनदा बघितलं. मग नेहमीचा मास्तरकी प्रश्न विचारला, हे केलं कोणी? नातीला ठाऊक नव्हतं. तिच्या बाबालाही नव्हतं, आणि त्याने तर हे गाणं कॉलेजात असताना पारायणं केल्यासारखं पाहिलं होतं!

शोधल्यावर सापडलं नाव: स्टीव्ह बॅरन. जन्म १९५६, डब्लिनचा, कारकीर्द लंडनमध्ये. आई झेल्डा बॅरन सिनेमातलीच. हाही आधी कॅमेरा विभागात उमेदवारी करत होता. १९८३ मधलं मायकल जॅक्सनचं 'बिली जीन' त्याचंच. पाऊल पडेल तिथली फरशी उजळते, ते. १९८५ मधलं डायर स्ट्रेट्सचं 'मनी फॉर नथिंग'ही त्याचंच. कॉम्प्युटरवरची चित्रं तेव्हा नुकती रांगायला लागली होती.

'टेक ऑन मी'ची गोष्ट तर वर्गात सांगावी अशी. १९८४ मध्ये हे गाणं वेगळ्या व्हिडिओसह आलं आणि पडलं. मग ते नव्याने ध्वनिमुद्रित झालं, बॅरनने नवा व्हिडिओ केला आणि ऑक्टोबर १९८५ मध्ये ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आधी खऱ्या माणसांचं चित्रीकरण, मग एकेक चौकट पेन्सिलीने हाताने गिरवायची. मायकल पॅटरसन आणि कँडेस रेकिंगर या दोघांनी तीन हजारांवर चित्रं काढली, सुमारे १६ आठवडे खपून. पडद्यावर सगळं मिळून चार मिनिटांचं काम.

कादंबरीवर लेखकाचं नाव असतं, सिनेमाच्या पाटीवर दिग्दर्शकाचं. चार मिनिटांच्या कामावर मात्र फक्त गाणाऱ्याचं! एमटीव्हीनेसुद्धा दिग्दर्शकाचं नाव दाखवायला १९९२ उजाडू दिलं. काम आखूड म्हणून ते हलकं, असं आपण धरून चालतो. मला हे पटत नाही. चौथीच्या मुलाचा दहा ओळींचा निबंध तपासताना मी कधी त्याचं नाव खोडलं नाही.

पण दुसऱ्यांना काय बोलू? आमचा मुलगा वहीच्या कोपऱ्यांवर धावणारा माणूस काढायचा, पानं फडफडवली की तो पळायचा. बारावीच्या वर्षी ती वही मी काढून घेतली. "ही रिकामी कामं परीक्षेनंतर." परीक्षा झाली, इंजिनियरिंग झालं, वही काही परत मागितली गेली नाही. नोकरी उत्तम आहे, तक्रार नाही. पण परवा बॅरनबद्दल सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "आई, ती वही आहे का गं अजून?"

माळ्यावरच्या दोन ट्रंका उघडून झाल्या. तिसरी उद्या.

तोवर तुम्ही एक करा. एखादं गाणं डोळ्यांसमोरून जात नसेल, तर ते कोणी दाखवलं त्याचं नाव शोधा, आणि इथे खाली लिहा.